उजव्या चाकाचा मान

१४ एप्रिल १९५०

"या घरातल्या पुरुषांचे हात शाईशिवाय कशानं काळे होत नाहीत," असं माझ्या सासूबाई मला लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी म्हणाल्या होत्या. आता सासूबाईही नाहीत आणि संस्थानही नाही. आज सकाळी यांना अंगणात ट्रकपुढे उभं पाहिलं आणि ते वाक्य आठवलं. हात पाठीमागे बांधून हे ट्रककडे बघत होते. ट्रक डाव्या खांद्यावर कलून यांच्याकडे बघत होता.

सगळं लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातला गुंता कमी होईल. हे संस्थानच्या मोटारखान्यात मुख्य कारकून होते. कोणती मोटार कधी निघाली, कोण बसलं, किती पेट्रोल जळलं, सारं यांच्या मोत्यासारख्या अक्षरात. विलीनीकरण झालं. नव्या सरकारनं यांना ठाण्याच्या कचेरीत दुय्यम कारकून म्हणून घ्यायचं ठरवलं आहे. एक जूनला हजर व्हायचं. यांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्याऐवजी कल्याणच्या लिलावातून लढाईतला हा हिरवा ट्रक आणला. मोखाड्याच्या धान्यदुकानांवर पावसाआधी सरकारी धान्य पोहोचवायचं काम मिळण्यासारखं आहे. पुरवठ्याचे अधिकारी मे अखेरीस गाडी बघायला येणार. त्यांना पसंत पडली तर काम आमचं.

म्हणजे ट्रक चालला तर जव्हार, नाही तर ठाणे. मला जव्हार हवं आहे. ठाण्यात मला कोण ओळखणार?

पहिल्याच फेरीला घाटात पुढची डावी कमान, म्हणजे चाकावरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, मोडली. पोशेऱ्याच्या लहान्यानं आपले बैल जुंपून गाडी घरापर्यंत ओढून आणली. नाशिकच्या कारखान्यात न्या, असं सगळे सांगतात. हे म्हणाले, "मोटारखान्याचा माणूस परक्याच्या दारात गाडी नेणार? दुरुस्ती घरीच होईल." मला फार अभिमान वाटला.

१७ एप्रिल

अंगणात सभा भरली. यांनी उन्हातही संस्थानच्या वेळचा लांब कोट घातला होता. मोटारखान्यातली जुनी माणसं आली: देवजी ड्रायव्हर, मोटारी धुणारा भिका आणि लोहारकाम करणारा पुंजा. माझ्या थोरल्या नणंद गोजाबाई ओटीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. वन्सं विधवा झाल्यापासून आमच्याकडेच असतात. यांच्यावर ओरडू शकणारं माणूस आता तेवढंच उरलं आहे.

आधी काय करायचं, यावर चर्चा झालीच नाही. कोणी करायचं, यावर झाली. आमच्याकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या जत्रेत, प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराचा असतो. नरसिंहाचा मुखवटा ज्यांचा त्यांचाच. दुसऱ्यानं हात लावला तर गावकी बसते. यांनी दुरुस्तीचंही तसंच ठरवलं. पाना देवजीचा. हातोडा पुंजाचा. जॅकवर अडलं.

"मोटारीला पयला हात आमचे बापाचा लागला," भिका म्हणाला. "जॅक माझा."

"तुझे बापानं मोटारीला पाणी लावलं," पुंजा म्हणाला. "जॅक लोखंडाचा हाय. लोखंड म्हंजे मी."

"मंग घोड्याची नालबी तुझी. घोडा हाकशील का?"

शेवटी यांनी निवाडा केला. जॅक भिका लावेल, पहिले तीन फेरे पुंजा देईल, मग पुन्हा भिका. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आणि तात्या, तुझा मान कशाचा?" वन्संनी विचारलं.

"हुकमाचा," हे म्हणाले.

"तो कुठं मोडलाय रे!" वन्सं म्हणाल्या आणि सुपारीत लक्ष घातलं.

२० एप्रिल, अक्षय्य तृतीया

मुहूर्तावर गाडी उचलली. जॅक छोटा पडला म्हणून आसाखाली सागाचे ओंडके आणि माझ्या जात्याच्या दोन्ही तळ्या घातल्या. नाचणी दळायला आता शेजारी जिजाकडे जावं लागेल. जिजा म्हणाली, "बाय, तुमचे घरात ट्रकबी दळान दळतो का?"

नारळ फोडला आणि काम उजव्या बाजूनं सुरू झालं. मी हळूच म्हटलं, "मोडलेली कमान डावीकडे आहे ना?" हे म्हणाले, "शुभकार्याला उजवं अंग आधी. लग्नात डावा पाय आधी टाकलास का?" मला पटलं. धडधाकट कमान आधी उघडायची आणि मोडकीची पाळी मग, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण प्रत्येक गोष्टीला रीत असते.

२२ एप्रिल

कमान आसाला बांधणाऱ्या उजवीकडच्या यू-बोल्टची एक चाकी, म्हणजे नट, सुटत नाही. लढाईतला गंज आहे, देवजी सांगतो. रॉकेल ओतलं, कोळसे धरले. पान्याला नळी लावून तिघं लोंबकळले. कोणी कोणाच्या खाली लोंबकळायचं यावरही थोडं झालं. दुपारी बोल्ट तुटला. सगळ्यांनी चहा घेतला, जणू तुटणं म्हणजे सुटणंच.

आमची लेक कमू सासरी गेल्यापासून या घरात दिवसभर घड्याळ ऐकू यायचं. हल्ली येत नाही. तीन वेळा चहाचं आधण ठेवते. कुणीतरी माजघराच्या दारातून "बाय, जरा फडका" म्हणून ओरडतं. कंटाळा यायला हवा, पण येत नाही. ही गोष्ट फक्त इथेच लिहिते.

विलीनीकरणानंतर हे देवळात मागच्या बोळातून जाऊ लागले होते. तिकडे सावली असते म्हणतात. आता तर बाहेरच जात नाहीत. बाहेरचंच सगळं अंगणात येतं.

२ मे

दोन्ही कमानी निघाल्या. डावीची मुख्य पट्टी दुभंगलेली. कमानी गाडीला जोडणाऱ्या दोन्हीकडच्या पिना इतक्या झिजल्या आहेत की देवजीनं एक माझ्या हातात ठेवली तेव्हा ती शेळीनं चावलेल्या काडीसारखी वाटली. पिनांबरोबर आतले पितळी बूशही गेले. "याच्यामुळंच चाक हातात नाचत व्हतं," देवजी म्हणाला.

देवजी नाशिकला गेला. एक नवी कमान, तुटलेल्याच्या जागी यू-बोल्ट आणि दोन्ही बाजूंच्या पिना-बूश आणणार आहे.

आज बाजाराचा दिवस. लहान्या आला, दारातूनच विचारलं, "बाय, गाडी उठली का?" आजारी माणसाची चौकशी करावी तसं.

"नाही रे. उठेल."

"आमचे दुकानात दाना नाय. मोहाची फुलां शिजवतूं. पान पावसात घाट बंद व्हतो, मंग काय?"

हे कोटाची बटणं लावत बाहेर आले. "लहान्या, काम शास्त्रोक्त चाललंय. घाई उपयोगाची नाही."

लहान्यानं ट्रककडे पाहिलं. पुढची दोन्ही चाकं काढलेली, गाडी माझ्या जात्यावर बसलेली. "बैल जुंपून घाट उतरवली ती बरी व्हती," तो म्हणाला आणि गेला. हे दिवसभर जेवले नाहीत. मला वाटलं उन्हामुळे.

९ मे

देवजी सामान घेऊन आला. नवी कमान काळी, तेलकट, बोटाएवढ्या जाड पट्ट्यांची. ती कोणत्या बाजूला घालायची यावर मला वाटलं वादच होणार नाही. मोडली ती डावी. पण यांनी सांगितलं, नवी उजवीकडे, कारण चालवणारा उजवीकडे बसतो आणि पाहुणा डावीकडे. आणि उजवीची जुनी डावीकडे उतरवायची. "नवं वस्त्र थोरल्याला, थोरल्याचं धाकट्याला," हे म्हणाले. देवजीनं डोकं खाजवलं, पण साहेबांपुढे तो अजूनही अर्धा वाकूनच उभा राहतो.

११ मे

नव्या पिना नाहीशा झाल्या. काल संध्याकाळी ओटीवर फडक्यात बांधलेल्या होत्या.

पुंजानं भिकाकडे पाहिलं, भिकानं पुंजाकडे. "मी लोखंड चोरीन?" पुंजा म्हणाला. "भाकर चोरीन, लोखंड नाय. लोखंड माझे घरात पयलंच ढिगानं पडलंय."

भिका रुसून घरी गेला, जॅकचा दांडा बरोबर घेऊन. दांड्याचा मान त्याच्या घरचा आहे म्हणे. काम बंद.

हे शांत होते. इतके शांत की मला काळजी वाटली. जेवताना म्हणाले, "नशिबातच नसेल तर काय करणार." आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

१२ मे

यांचा कोट धुवायला काढला. खिशात जड लागलं. पिना!

बिचारे. चोरीला जाऊ नयेत म्हणून ठेवल्या असतील आणि विसरले असतील. या वयात होतं. कोट धुतला, वाळवला, पिना पुन्हा त्याच खिशात घातल्या आणि कोट खुंटीला लावला. कोणाला सांगितलं तर त्यांना चारचौघांत लाजल्यासारखं होईल. ज्याची वस्तू हरवली, त्यालाच ती सापडावी.

वन्संना मात्र सांगितलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "काशी, तू भोळी आहेस की शहाणी, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही."

"म्हणजे काय, वन्सं?"

"काही नाही. खिसा शिवून टाक."

१४ मे

पिना सापडल्या. हे खिशात हात घालून उभे होते आणि एकदम म्हणाले, "अरे, या तर माझ्याकडेच!" सगळे हसले. भिकाला बोलावणं गेलं, तो दांड्यासकट परत आला. मी शिरा केला.

शिरा खाताना यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. कोटाला साबणाचा वास येत असेल.

१८ मे

बूश बसले, पिना बसल्या, यू-बोल्ट आवळले. गाडी ओंडक्यांवरून उतरवली. ट्रक पूर्वीसारखाच डावीकडे कलला होता. आता फक्त उजवा खांदा अधिक उंच होता.

"भाताची पोती उजवीकडं भरू," भिका म्हणाला.

"आणि रिकामी येताना?" देवजी म्हणाला.

"मंग तू उजवीकडं बसशील. तुझं वजन हाय."

यांनी चष्मा पुसला. "कलतोय असं दिसतं, कारण अंगण उताराचं आहे."

हे अंगण मी इतकी वर्षं सारवते आहे. पाणी कुठे वाहतं, मला माहीत आहे.

वन्संनी सुपारी खाली ठेवली. "दोन पोरं आणि एकच नवी गोधडी असली तर काय करता? एकाला नवी देऊन दुसऱ्याला थंडीत निजवता? उसवा आणि दोघांत वाटा. त्या पट्ट्या एकीवर एक रचलेल्याच आहेत ना? चार नव्यातल्या तिकडे, चार जुन्यातल्या इकडे."

देवजीनं पुंजाकडे पाहिलं. "व्हईल," पुंजा म्हणाला.

"नव्या पट्ट्या डावीकडे?" हे म्हणाले. "मग उजव्याचा मान काय राहिला?"

"तात्या," वन्सं म्हणाल्या, "तुझं उजवं अंग मोखाड्याला एकटंच जाणार आहे का?"

२१ मे

पुन्हा सगळं उघडलं. पट्ट्या वाटल्या. या वेळी चाक्या सहज सुटल्या, कारण गंज लागायला कुणाला वेळच मिळाला नव्हता. जॅक कोणी फिरवला ते कोणी मोजलं नाही. संध्याकाळी ट्रक जमिनीवर उतरला तेव्हा सरळ उभा होता. जरासा डावीकडे, पण आपणही दमल्यावर तसेच उभे राहतो.

देवजीनं अंगणातच मागं-पुढं करून पाहिलं. चाक हातात नाचत नाही, म्हणाला. जिजाच्या घरची सगळी माणसं कुंपणाशी उभी होती. मी माझ्या जात्याच्या तळ्या धुऊन आत नेल्या. त्यातली एक तडकली आहे.

यांना आनंद झाला असावा. लवकर निजले.

२३ मे

देवजी निरोप घ्यायला आला होता. त्याला सरकारी मोटारीवर ठाण्याला नोकरी लागली आहे. उद्याच जाणार.

"देवजी, तूसुद्धा?" हे म्हणाले.

"पोरां हायत, साहेब. सलाम कुनाला करायचा, ते आता पोट ठरवतं."

"मग गाडी चालवणार कोण?"

देवजी हसला. "माझी मस्करी करता का? बाय, साहेब माझ्याहून बरी मोटार चालवतात. मोटारखान्याचे मागले मैदानात मीच शिकवली. सरळ रेघ मारतात. पान रस्त्यावर कधी काढली नाय."

मला ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला काय काय येतं, हेही आपल्याला परक्याकडून कळावं! हे अंगणातल्या तुळशीकडे बघत होते, चोरी पकडलेल्या लहान मुलासारखे.

२५ मे

पुरवठ्याचे अधिकारी येऊन गेले. तरुण आहेत, पाय आपटत चालतात. ट्रकभोवती फिरले, पुढच्या बंपरवर उभे राहून दोनदा उड्या मारल्या. कमान दबली आणि वर आली. दबली आणि वर आली. मला उगाचच डोळ्यांत पाणी आलं.

"ठीक. उद्या पोती भरा आणि परवा सकाळी मोखाड्याच्या दुकानावर आणा. मी तिथेच असेन. गाडी घाट चढून आली तर काम तुमचं. नाही आली, तर दुसरे दोघे तयार आहेत. चालक कोण?"

"व्यवस्था होईल," हे म्हणाले.

ते गेल्यावर यांनी सांगितलं की डहाणूला एक चालक असल्याचं ऐकलं आहे. नाव माहीत नाही. पत्ता विचारायला हवा. पावसाळा संपल्यावर त्याला बोलावता येईल.

"पण परवा?" मी म्हटलं.

"परवाचं परवा."

"आणि एक तारखेला ठाणे?"

हे उठून देवळात गेले. मागच्या बोळातून. भर दुपारी, तिथे या वेळी सावलीचा टिपूसही नसतो.

२६ मे

सकाळी पोती आली. भिका आणि पुंजानं भरली. दोघांनी पोती कोणत्या बाजूला किती, यावर अवाक्षर काढलं नाही. लहान्या पोशेऱ्याहून पहाटे निघून आला होता. तो अंगणात उकिडवा बसून नुसता पोती बघत होता.

मग इंजिन फिरवून गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल सापडेना.

भिका म्हणाला, "मी न्हेलं नाय, बाय. शपथ." पुंजानं कुणाकडेच पाहिलं नाही. कुणी कुणावर आळ घेतला नाही. सगळे फक्त यांच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते. वन्सं तर सुपारीसुद्धा कातरत नव्हत्या.

मी कोट तपासला नाही. हँडल खिशात मावत नाही. सरळ यांच्या बाजेखाली वाकले. फडक्यात गुंडाळलेलं होतं, नीट, जुन्या दप्तराला मारतात तशी गाठ मारून.

तिथेच जमिनीवर बसले. आता कळलं. आधीही कळत असावं. मी ते दुसऱ्या खिशात घालून ठेवत होते. ट्रक मोडका होता तोवर हे साहेब होते. कोट घालून अंगणात उभे राहायचे, माणसं मान खाली घालून हुकूम ऐकायची. ट्रक दुरुस्त झाला की बाजारातून जावं लागणार, जुन्या मोटारखान्यासमोरून, जिथे येणारे-जाणारे सलाम करायचे. आणि या वेळी हे आत कारकुनाच्या खुर्चीवर नसणार, उघड्यावर चाक धरून बसलेले असणार. म्हणून ठाण्यालाही हो नाही आणि घाटालाही हो नाही. कुणीतरी परत येऊन सगळं पूर्वीसारखं करील, याची वाट बघत एक माणूस हँडल लपवतो. मला रागवायला हवं होतं. लहान्या बाहेर बसला आहे. पण मला यांचे हात आठवत राहिले. मागच्या मैदानात, कुणी बघत नसताना, सरळ रेघ मारणारे.

हँडल बाजेखालून काढलं आणि मसाल्याच्या डब्यामागे ठेवलं. तिथे पुरुष शोधत नाहीत.

लहान्याला भाकरी दिली. "उद्या," म्हटलं.

"उद्या कंचा उद्या, बाय?" त्यानं विचारलं. मला हसूही आलं नाही.

यांनी रात्री विचारलं, "हँडल मिळालं का?" मी म्हटलं, "शोधते आहे." हे कुशीवर वळले. त्यांना झोप लागली नाही, मलाही नाही.

उद्या सकाळी चहा नेताना पदराखाली हँडल असेल. आधी चहा देईन, मग हँडल. ते म्हणतील, अंग बरं नाही. म्हणतील, परवाना नूतन केलेला नाही, घाट अवघड आहे, माणसं काय म्हणतील. मी कशावरच वाद घालणार नाही. वाद घातला की ते साहेब होतात. ठाण्याचं नाव काढणार नाही, लहान्याचं काढणार नाही. फक्त माझ्यासाठी मागणार आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी यांच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून नेमकं कसं मागतात हेही ठाऊक नाही. तरी इतकं म्हणेन: तुम्हीच चालवा, बाजारातूनच चला, आणि मला पुढे तुमच्या शेजारी बसवा. मोखाड्याचा घाट मी अजून पाहिलेला नाही.

नाहीच म्हणतील.